बहात्तर सेकंद

"मानूस हारला तं हातानं हारला पायजे, बटनानं नाई."

अब्दुल गफ्फार हे एकदाच बोलला होता. दोन हजार तीनच्या डिसेंबरात, अमरावतीला, राजकमल चौकाजवळच्या एका गेम पार्लरमध्ये, चाळीस-पन्नास पोरांसमोर. दहा वर्षांनी ते वाक्य त्याच्या नावासकट बॅनरवर छापून आलं. बहुतेकांची वाक्यं त्यांच्या आधीच मरतात. गफ्फारचं वाक्य जिवंत राहिलं आणि एका दुपारी त्यालाच भेटायला आलं.

गफ्फार अकोल्याच्या जुन्या शहरातला. दगडी पुलापासून हाकेच्या अंतरावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बाप पेट्रोमॅक्सच्या बत्त्या दुरुस्त करायचा. वरातीत डोक्यावरून चालणाऱ्या बत्त्यांचा नुसता फुसफुसाट ऐकून यातली कोणती आधी विझणार, हे तो सांगायचा म्हणे. तो कान गफ्फारकडे आला. रेडिओ लावला की खरखरीवरून तो ओळखायचा, टाका सुटलाय की कंडेन्सर गेलाय. "माहा कान मीटरपरीस सच्चा हाय," असं म्हणायचा, आणि शहरानं ते मान्य केलं होतं. शहरानं एकदा मान्य केलेली गोष्ट पुन्हा तपासून पाहावी, असं कोणाला वाटत नाही. ज्याची त्याला तर मुळीच नाही.

अठ्ठ्याण्णव साली टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीन अकोल्यात आल्या. मुंबईहून, जुन्या, परदेशात वापरून टाकलेल्या. पण अकोल्यातले टीव्हीही जुनेच. मशीन जोडली की चित्र वर पळायचं, खालून पुन्हा यायचं, पुन्हा पळायचं. गिऱ्हाईक वैतागून मशीन गफ्फारच्या टेबलावर आणून आपटायचं. तीन दिवस गफ्फार एकीच्या पोटात डोकं घालून बसला. चौथ्या दिवशी त्याला आत बोर्डावर टाका घालायची दोन टिंबं सापडली. त्यांच्यामध्ये केसाएवढी तांब्याची तार टाकली की चित्र जागच्या जागी बसायचं, जसं काही कधी पळालंच नव्हतं.

मग शहरभर झालं. "गफ्फारभाईकडून चित्र बसवून आन." पाच वर्षांत साठेक मशीन त्याच्या हाताखालून गेल्या. प्रत्येकीत ती तार. त्या तारेनं चित्र बसतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ती आणखी काय करते, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. विचारायला बिनतारेची मशीन लागते, आणि अकोल्यात तशी मशीन उरलीच नव्हती.

दुकानाचा अर्धा भाग फळ्या मारून वेगळा करून त्यानं पार्लर काढलं. चार टीव्ही, चारही ठिकाणी तीच एक जुनी फायटिंग गेम. दोन लढवय्ये, नव्व्याण्णवपासून उलटं मोजणारं घड्याळ, मागे वाजणारं गाणं. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडची कॉलेजची पोरं खोल्या करून राहायची, ती यायची. वखर धरलेल्या हातांपुढे परदेशी कंट्रोलर महिनाभर टिकत नसे. तेव्हा गफ्फारनं स्वतःच्या पेट्या बनवल्या. आंब्याच्या फळीचा खोका, दारावरच्या घंटीची सहा बटणं, पलंगाचे पाय करणाऱ्या खराद्याकडून कातून आणलेली मूठ आणि मुठीला माघारी आणायला फवारणीच्या पंपातली स्प्रिंग. ती पेटी आपटा, तिच्यावर चहा सांडा, ऐकायचीच.

आणि एक पडदा होता. गल्ल्यामागे, जुन्या चादरीचा. दिवसभरात सगळ्यांना हरवील त्याला शेवटी पडद्याशी खेळायला मिळायचं. पडद्याखालून एक वायर यायची, तिच्या पलीकडे कोणीतरी बसलेलं असायचं. पडदा कधी हरत नसे. पोरं समजायची, आत गफ्फार आहे. गफ्फार हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. गल्ल्यावरून उठून तेवढ्यापुरता मागच्या दारानं निघून जायचा.

आत असायची अनीसा, त्याची धाकटी बहीण. अंजनगाव सुर्जीला दिली होती, दोन वर्षांत परत आली. का आली, हे घरात कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दुपारी पार्लर बंद असताना ती एकटी खेळायची, आणि खेळता खेळता तिचे हात असे झाले, की समोरच्याचा ठोसा निघायच्या आधी तिचा अंगठा त्याला अडवायला निघालेला असे.

"मेरा नाम कब बताओगे, भाईजान?" तिनं एकदा विचारलं होतं.

"लोक काय म्हणतीन?"

"लोक तो बोलतेच है. अभी तुम्हारे नाम से बोलते."

यावर गफ्फारनं पंखा वाढवला.

तर तो डिसेंबर. अमरावतीचे महादेवराव जिनिंग फॅक्टरीतली नोकरी सुटल्यावर पार्लर काढून बसले होते. नवे कोरे टीव्ही, त्यांच्यावर कुठलीही मशीन लावा, चित्र गप उभं. त्यांनी अकोल्याला निरोप धाडला, होऊन जाऊ द्या एक सामना. गफ्फार चार तरबेज पोरं घेऊन एसटीनं गेला. अनीसाला नेण्याचा प्रश्नच नव्हता.

चारही पोरं ओळीनं हरली. नुसती हरली नाहीत, धुतली गेली. ज्यांना अकोल्यात कोणी हात लावू शकत नव्हतं, त्यांचे हात तिथं दर वेळी थोडे मागेच पडत होते. मग अमरावतीच्या पोरांनी कल्ला केला, "पडदा! पडदा! अरे पडद्याले बसवा ना आता!"

सगळे गफ्फारकडे पाहायला लागले. गफ्फारला तर साधा उडी मारून ठोसासुद्धा धड जमत नव्हता.

तेव्हा त्याच्या कानानं त्याला वाचवलं. मशीनमधलं गाणं त्याला घाई करताना ऐकू आलं. तेच गाणं, पण धापा टाकणारं.

"हे मशीन तेज केलेली हाय," तो म्हणाला.

महादेवराव हसले. "काय बाप्पा गफ्फारभाई! म्या तं स्क्रूले हात बी लावला नाई."

"माहा कान खोटं नाई सांगत. गाणं पाहा कसं धावून राहिलं. आमच्या पोराईचे हात चांगले हायेत, तुमची मशीन चोर हाय." आणि मग ते वाक्य.

कल्ला थांबला. अमरावतीच्याच एका पोरानं कान देऊन म्हटलं, "हो बे, धावतेच ना गानं." गफ्फारच्या कानाची कीर्ती तिथंवर पोचलेली होती. अकोल्याची मंडळी न हरता परत आली.

तो खोटं बोलला का? नाही. दोन मशीनमध्ये फरक आहे, एवढं कानानं खरंच सांगितलं होतं. वाकडी कोणती, हे मात्र कानानं सांगितलं नव्हतं. ते त्यानं आपल्या मनानं ठरवलं, आणि ठरवताना त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं तो पुढे विसरून गेला. माणूस तेवढं बरोबर विसरतो.

घरी येऊन त्यानं अनीसाला सांगितलं, मशीन तेज होती, तू असतीस तरी हरली असतीस.

"तेज हो या धीमी," ती भाकरी उलथत म्हणाली, "बैठने को तो मिलता."

महादेवरावांचं पार्लर 'तेज पार्लर' झालं. पोरं आपसांत भांडली की म्हणायची, तेज पार्लरवाल्यासारखं करू नको. पावसाळ्याच्या आत त्यांनी टीव्ही विकले. पुढच्या दोन-चार वर्षांत गफ्फारचंही पार्लर ओस पडलं, पण ते कोणाच्या बोलण्यानं नाही. खोल्या करून राहणारी पोरं एकेक करून गावी परत गेली. काहींना कॉलेज अर्धवट सोडवून न्यायला काका आले, मामा आले. बाप आले नाहीत. पेपरात पहिल्या पानावर तेव्हा रोज शेतकऱ्यांचा एक आकडा छापून यायचा, हवामानासारखा. गफ्फारनं पार्लरच्या फळ्या काढल्या, मोबाइल दुरुस्तीचा बोर्ड लावला. पेट्या पोत्यात घालून माळ्यावर टाकल्या. पडद्याची चादर अनीसानं धुऊन पुन्हा अंथरायला घेतली.

आणि दोन हजार तेराच्या जानेवारीत विपुलचा फोन आला. विपुल अंजनगाव सुर्जीचा. अकोल्यात शिकायला असताना गफ्फारच्या पार्लरमध्ये पडीक असायचा, आता पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्या जुन्या गेमची स्पर्धा भरवायचं त्याच्या मनानं घेतलं होतं, अमरावतीत, अख्ख्या वऱ्हाडासाठी.

"चाचा, भांडन नाई पायजे मले. सगळ्याईले एकच मशीन, एकच टीव्ही, एकच कंट्रोलर. कोनती मशीन, कोनता कंट्रोलर, थे तुमी ठरवाचं. तुमी म्हनसान तेच."

गफ्फारच्या छातीत काहीतरी ताठ झालं. त्यानं पोतं खाली काढलं. दहा पेट्यांच्या स्प्रिंगांना तेल दिलं, मुठी रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या. अनीसा बाजूला उभी राहून पाहत होती. एकेचाळीस वर्षांची झाली होती.

"इस बार मेरा नाम लिखवाना," ती म्हणाली. "मेरा. पडदा नहीं."

या वेळी पंख्याचं बटण हाताशी नव्हतं. "लिखवतो," तो म्हणाला, आणि त्याच रात्री विपुलला फोनवर पडद्यामागची खरी गोष्ट सांगितली.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी मशीन ठरवायला दोघं अमरावतीला गेली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा अनीसानं पिशवीतून पेटी काढून मांडीवर घेतली आणि बडनेऱ्यापर्यंत तिची बोटं बंद टीव्हीशी खेळावं तशी बटणांवर चालत राहिली.

जागा म्हणजे एका बी-बियाण्यांच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं. हंगाम नसल्यानं रिकामं. कीटकनाशकाचा वास मात्र भिंतींत मुरलेला होता, घशात उतरून बसायचा. कुलूप उघडायला जो म्हातारा चाव्यांचा जुडगा घेऊन आला, त्याला गफ्फारनं चालीवरून ओळखलं.

"या गफ्फारभाई," महादेवराव म्हणाले. त्या 'या'मध्ये ऊनही नव्हतं, सावलीही नव्हती.

विपुलनं तीन मशीन मांडल्या. एक परदेशातून मागवलेली, सीलबंद, स्क्रूवरचा रंगसुद्धा न खरवडलेला. एक चिनी नक्कल. आणि एक अकोल्याची, गफ्फारच्या हातची. टीव्ही जुना डबाच ठेवायचा, हे आधीच ठरलं होतं. चपट्या टीव्हीवर बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलतं, असं विपुलनं सगळ्यांना पटवलं होतं. आपोआप ठोसे मारणारं बटण असलेले कंट्रोलर बाद. मग त्यानं गफ्फारच्या पेट्या एकेक करून कॉम्प्युटरला जोडल्या. दहा पेट्या, सहा-सहा बटणं. एकही अडकलं नाही, एकही उशिरा बोललं नाही.

"चाचा, कमाल! पेट्या पक्क्या. याच राहतीन."

गफ्फारनं मान हलवली. दहा वर्षांत इतकं सुख त्याला झालं नव्हतं. ते पाचेक मिनिटं टिकलं.

चिनी नक्कल मधेच बंद पडून बाद झाली. मग विपुलनं सीलबंद मशीन लावली आणि अनीसाला म्हणाला, "आपा, बसा. पाहू."

अनीसा बसली. पडदा नाही, चादर नाही, जानेवारीचं ऊन दारातून थेट तिच्या हातांवर. विपुल कॉलेजात असताना पडद्याकडून पस्तीस-चाळीस वेळा हरला होता. पुण्यात तो अशाच परदेशी मशीनवर खेळत आला होता; आज त्यानं तिला सरळ तीन डावांत हरवलं. तिचा अंगठा दर वेळी निघत होता, आणि दर वेळी ठोसा आधीच लागलेला असे.

तिनं हात मांडीवर घेतले, बोटं एकेक करून ताणली. "गये," ती हळूच म्हणाली. "हाथ बूढे हो गये, भाईजान."

गफ्फार ऐकत नव्हता. म्हणजे ऐकत होता, पण दुसरंच काही. गाणं धावत होतं. तसंच, धापा टाकत.

त्यानं स्क्रूड्रायव्हर मागितला. सीलबंद मशीन स्वतः उघडली. आत ती दोन टिंबं होती, आणि मध्ये काही नव्हतं. कोरी जागा. त्यानं झाकण लावलं, मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं, कोणालाही न खेळवता डाव चालू केला. नव्व्याण्णवपासून शून्यापर्यंत साठ सेकंद. मग अकोल्याची मशीन. गाणं मंद, ओळखीचं, गोड. नव्व्याण्णवपासून शून्य. बहात्तर सेकंद. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा बहात्तर. घड्याळाला कान नसतो, त्यामुळे त्याला कोणाची भीड पडत नाही.

बारा सेकंद. साठ मशीनमध्ये, पंधरा वर्षं, अख्ख्या शहराचे हात त्यानं दर डावाला बारा सेकंद उशिरा यायला शिकवले होते.

विपुलच्या ते आधी लक्षात आलं असावं. तो जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "चाचा, त्याच्यात काई नाई. आपन अकोल्याचीच ठेवू. नावं आली थे पाहा, वीस अकोल्याचे, सात इकडचे. सगळे तुमच्याच मशीनवर शिकले. कोनाले समजते? आपा बी जिकतीन."

खरंच होतं. कोणाला समजणार नव्हतं. अनीसा जिंकली असती, स्वतःच्या नावानं, उजेडात. फक्त 'अकोल्याची' एवढा एक शब्द म्हणायचा होता.

महादेवराव दाराशी स्टुलावर बसून बॅनरच्या दोऱ्या सोडवत होते.

"महादेवराव," गफ्फार म्हणाला. "तुमची मशीन बरोबर होती. तार म्या टाकली होती. मंद माही होती."

"मले मालूम हाय," महादेवराव गाठ सोडवत म्हणाले.

"कवापासून?"

"त्याच महिन्यात. अकोल्याची एक मशीन आनवली, उघडली. तुमची तार दिसली. मुंबईच्या मेकॅनिकले फोनवर इचारलं, त्यानं सांगतलं."

"मंग बोलले काहून नाई?"

"कोनाले बोलू? तुमचा कान मोठा." गाठ सुटली, त्यांनी दुसरी घेतली. "पार्लर बसलं, मी या गोदामवाल्याइच्या दुकानात फवारणीच्या औषधाच्या काउंटरले लागलो. दोन हजार चार साल, पाच साल, सहा साल. मानूस याचा, बाटली मांगाचा. कोनत्या पिकाले पायजे, हे इचारायची बी हिंमत नाई व्हायची. न जानो काय सांगन. त्या वर्सांत तुमचं गानं आठवाले मले फुरसत नव्हती, गफ्फारभाई."

अनीसा वळली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मतलब मेरे हाथ ठीक है?"

"ठीक है. मशीनच—"

"मशीन तुम्हारी थी. आदत मेरी हो गई." तिनं पेटी पुन्हा मांडीवर ओढली. "तो मैने इतने साल हराया किसको?"

गफ्फारनं विपुलच्या हातातला कागद घेतला आणि मशीनच्या रकान्यात 'सीलबंद' असं लिहिलं. कंट्रोलरच्या रकान्यात काय लिहायचं ते विपुलनं आधीच लिहून ठेवलं होतं, गफ्फारच्या पेट्या. खाली तपासणाऱ्याची सही. त्यानं ती केली. मग अकोल्याची मशीन उघडून चिमट्यानं तार ओढून काढली. ती कागदावर ठेवली तेव्हा कोणाला दिसलीसुद्धा नसती, इतकी बारीक.

"आपा, तुमचं नाव...?" विपुल चाचरला.

"लिखा रहने दो," अनीसा म्हणाली. "आठ दिवसात हे हात काई बदलत नाई. हारीन. पन पडद्याबिगर एकडाव हारून तं पाहू दे मले." आणि तिनं सीलबंद मशीन पुन्हा चालू केली. भावाकडे पाठ करून.

तोवर महादेवरावांनी शिडी लावून बॅनर दारावर चढवला होता. वर बियाण्याच्या कंपनीचं कणीस, खाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य, आणि त्याखाली 'अब्दुल गफ्फार, अकोला'. विपुलला ती भेट वाटली होती, आधी कोणाला सांगितलं नव्हतं. महादेवराव एका हातानं दोरी धरून मागे झुकले.

"गफ्फारभाई, खालून पाहून सांगा बरं. सरळ लागला का?"

गफ्फारनं वर पाहिलं. सरळ लागला होता. आत गाणं धावत होतं. पेट्यांचं रिकामं पोतं दाराशी पडलं होतं, ते त्यानं उचललं नाही. टीव्हीवरचं घड्याळही तसंच राहिलं. शिडीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून तो तिच्याखालून निघाला, आणि उन्हात बाहेर पडला.